ओल्या भिंतीवर रंग देणार नाही

भाड्याच्या घरात भिंत काळी पडली की मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो, भाडेकरू मालकाकडे दाखवतो, आणि दोघांचा दम संपला की दोघंही पेंटरकडे वळतात. मी तो पेंटर. तीसेक वर्षं मी गोंदियात आणि आजूबाजूच्या गावांत भिंती रंगवल्या. आता गुडघे शिडी चढू देत नाहीत म्हणून घरी बसलो आहे, पण तोंड अजून चालतं. हे लिहायला घेतलं तेव्हा धाकटी सून म्हणाली, "बाबा, रंगकामात लिहिन्यासारखं काय हाये? फासला, वाळला, झालं."

तिला सांगितलं तेच तुम्हालाही सांगतो. रंग फासायला फार अक्कल लागत नाही. कुठं फासायचा नाही हे कळायला लागते. आणि कळल्यावर ते मालकाच्या तोंडावर सांगायला जे काही लागतं, ते माझ्याकडे निम्मं आयुष्य नव्हतं.

आमच्याकडे या कामाला पुताई म्हणतात. गोंदियात हिंदी आणि मराठी एकाच ताटात जेवतात, त्यामुळे शब्द कुणाचा यावर कुणी वाद घालत नाही. मी काम शिकलो तेव्हा पुताई म्हणजे चुना. कळीचा चुना पाण्यात विझवायचा, कापडानं गाळायचा, थोडा गोंद घालायचा, चिमूटभर नीळ घालायची आणि कुंचा बुडवायचा. चुना हाताची सालं काढतो, डोळ्यात गेला तर आई आठवते. पण भिंतीशी तो इमानदार. भिंतीच्या पोटातली ओल त्याच्यातून बाहेर निघून जाते आणि त्याच्यावर बुरशी सहसा टिकत नाही. पुढं डिस्टेंपर आलं, ऑइल पेंट आला. ऑइल पेंट म्हणजे भिंतीला घातलेला रेनकोट. बाहेरचं पाणी आत येत नाही हे खरं, पण आतलं पाणीही बाहेर पडत नाही. लोकांना तो चकाकतो म्हणून आवडला. आमच्या वस्तीत घरं दिवाळीला नाही, चौदा एप्रिलच्या आधी रंगतात. तिथंही पोरं ऑइल पेंटच मागायला लागली.

एकोणीसशे नव्व्याण्णव साली गोंदिया जिल्हा झाला आणि आम्हा पेंटर लोकांचे दिवस फिरले. भंडाऱ्याहून कार्यालयं आली, कार्यालयांमागं बाबू आले, बाबूंमागं त्यांचे पलंग आणि गोदरेजची कपाटं आली. सगळ्यांना किरायानं घर पाहिजे. ज्याच्याकडे गोठा होता त्यानं गोठ्याच्या जागी दोन खोल्या उभ्या केल्या. ज्याच्याकडे अंगण होतं त्यानं अंगण गिळलं. मिस्त्रीला घाई, मालकाला त्याहून घाई. प्लास्टर वाळायच्या आत मला निरोप यायचा, "पेंटर, येत्या एक तारखेले मानूस येऊन राहिला." मी जायचो. भिंतीला हात लावला की हात गार पडायचा, तरी मी रंग द्यायचो. सगळेच देत होते.

भिंत काळी करणारी ती बुरशी. पापडाला, लोणच्याला धरते तिचीच ही थोरली बहीण. तिला जगायला ओल लागते, दुसरं काही नाही. म्हणून भांडण बुरशीचं नसतंच, ओल कुणाची याचं असतं. वरून आलेली ओल छताला नकाशे काढते आणि पावसासोबत वाढते. जमिनीतून चढलेली ओल पायथ्यापासून वर येते, तिच्यासोबत लोणा येतो, म्हणजे मिठासारखी पांढरी बुकणी. या दोन्ही मालकाच्या. घर त्यानं बांधलं, त्यानंच निस्तरावं. तिसरी ओल राहणाऱ्या माणसांची: आंघोळीची, भाताची, खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांची वाफ. ती कपाटामागं आणि कोपऱ्यात, जिथं वारा फिरत नाही तिथं बसते. ती भाडेकरूची, पण मालकानं खिडकी दिली असेल तरच. खिडकीच दिली नसेल तर तीही मालकाची. या माझ्या निवाड्यावर आजवर बऱ्याच मालकांनी मला चहा न देता हाकललं आहे.

ओल ओळखायला मी दुधाची रिकामी पिशवी वापरत असे. धुऊन, कापून, पसरून ती चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीवर डकवायची आणि एक दिवस तशीच राहू द्यायची. दुसऱ्या दिवशी पिशवीच्या खोलीकडच्या अंगावर दव दिसलं तर ओल खोलीतली. पिशवीच्या मागं, भिंतीकडच्या अंगाला थेंब दिसले तर ओल भिंतीतली. इंजिनियर यासाठी यंत्र आणतात म्हणे. माझी पिशवी फुकटची होती आणि ती कुणाच्या नात्यातली नव्हती.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. गंज वॉर्डातले एक मालक भिंतीवर डाग दिसला की त्यावर देवाचं कॅलेंडर लावायचे. डाग वाढला की कॅलेंडर मोठं व्हायचं. मी गेलो तेव्हा एका खोलीत सात देव होते, आणि एक तर जमिनीपासून हातभर उंचीवर. मी म्हटलं, "काकाजी, हा देव इतका खाली काऊन बसला?" ते म्हणाले, "लेकराईले दर्शन व्हावं म्हनून." मी कॅलेंडर उचललं तर मागचं प्लास्टर माझ्या पायावर पडलं. काकाजींनी मलाच झापलं की देवाला हात लावण्याआधी हात धुतले नाहीत.

सगळी चूक मालकांचीच असते असंही नाही. राइस मिलच्या बाजूला एका कार्यालयातला तरुण एकटा राहायचा. मिलचा काळा भुसा उडून चादरीवर बसतो म्हणून त्यानं खिडकी, झरोका, दाराखालची फट, सगळं प्लास्टिकनं आणि पोत्यानं बुजवून टाकलं. आत दोन वेळचा स्वयंपाक, आत कपडे वाळत. भिंती कोळशासारख्या. मालकावर तक्रार करतो म्हणाला. पिशवी लावली, दव खोलीकडच्या अंगावर. "ही ओल तुमची आहे साहेब," मी सांगितलं. त्याला राग आला. त्यानं मलाच मालकाचा माणूस म्हटलं. मी पोतं काढलं, खिडकी उघडली आणि निघून आलो. पुढं महिनाभरानं बाजारात भेटला तेव्हा हसला, बोलला मात्र नाही.

इतकं शहाणपण शिकवणारा मी स्वतः काय करत होतो ते आता सांगतो.

आमच्याकडे घर पाहायला आलेल्या माणसाला मालक आधी गाव विचारतो, मग नोकरी, आणि मग "पूरा नाम" विचारतो. आडनाव ऐकलं की काही खोल्या त्याच क्षणी भरतात. "अरे, कालच दिली हो." मी त्याच खोलीत शिडीवर उभा असायचो, हातात ब्रश, खोली रिकामी. मी बौद्ध. मालकाला ते ठाऊक असायचं. रंगवणाऱ्याचं आडनाव चालत होतं, राहणाऱ्याचं चालत नव्हतं. मी मान खाली घालून पुढचा हात मारायचो.

गोंदियाला लागून असलेल्या मुर्री गावात एक बाबूजी होते. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, थोडी शेती, दोन बैल, एक गाय, आणि घराच्या मागच्या अंगाला किरायाच्या दोन खोल्या. सगळे त्यांना बाबूजीच म्हणत, त्यांचं नाव मलाही नंतरच कळलं. माणूस वाईट नव्हता. माझ्या आईच्या आजारपणात त्यांनी स्वतःहून जीप दिली होती, हे मी विसरलेलो नाही. त्या दोन खोल्या तीन महिने रिकाम्या पडल्या होत्या. लोक यायचे, नाक वर करून वास घ्यायचे आणि जायचे. शेवटी बाबूजींनी मला बोलावलं. "पेंटर, चार दिन में चकाचक कर दे. सोमवार को पार्टी आ रही है."

मी मागची खोली पाहिली. कुबट वास, पोपडे, आणि मागच्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांचं रान. बाहेरून फेरी मारली तर कारण समोरच उभं होतं. आमच्या भागात धानाची मळणी झाली की उरलेलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, गुरांसाठी साठवून ठेवतात. शहाणा माणूस त्याची गंजी मोकळ्या जागेत, लाकडाच्या माचावर रचतो. बाबूजींची गंजी थेट त्या भिंतीला टेकून होती, पुरुषभर उंच. पावसाळ्यात तणस भिजतं आणि ओल्या गोधडीसारखं महिनोन् महिने भिंतीला चिकटून राहतं. मी बाबूजींना म्हटलं, "हे तनस हटवा. भिंतीले एक उन्हाळा द्या. मंग रंगवू."

"सोमवार, पेंटर," ते म्हणाले.

मी खरवडलं, मोरचुदाचं निळं पाणी लावलं, पुट्टी भरली, चार फुटांपर्यंत ऑइल पेंट आणि वर गुलाबी डिस्टेंपर दिलं. खोली नवरीसारखी दिसायला लागली. बाबूजी खूश झाले. रंगाच्या वासाखाली कुबट वास दडला. येणारी "पार्टी" कोण हे मी विचारलं नाही. बाबूजींनी आडनाव चालवून घेतलं होतं, कारण ती खोली दुसऱ्या कुणाला चालली नव्हती. हे मला फार उशिरा उमगलं: आमच्या माणसांना घर मिळतं ते बहुतेक वेळा इतरांनी नाक मुरडून सोडलेलं.

तिथं राहायला आल्या रामटेके मॅडम. भंडाऱ्याहून बदलून आलेल्या क्लार्क. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला. सोबत दुसरीतली मुलगी आणि केशोरीहून आणलेली आई. दोन पावसाळे गेले. ऑइल पेंट पापडासारखा फुगला आणि त्याच्या वर, डिस्टेंपरमध्ये, काळा पट्टा उमटला. मुलीची छाती घरघरायला लागली. डॉक्टरनं विचारलं, घरात ओल आहे का, बुरशी आहे का, आणि सांगितलं की पोरीला त्या खोलीत झोपवू नका. तिघी पुढच्या खोलीत दाटीवाटीनं राहू लागल्या. मॅडमनी बाबूजींना दोनदा तोंडी सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी रजिस्टर पोस्टानं पत्र पाठवलं, त्याच घरातून त्याच घरात: भिंत दुरुस्त करून द्या.

तिथं ठिणगी पडली. किरायेदारीण आपल्याला कागद पाठवते म्हणजे काय? बाबूजी मुर्रीभर सांगत सुटले की या बाईनं माझी नवी रंगवलेली भिंत खराब केली. मॅडम दुसरं घर शोधायला निघाल्या तर पहिल्याच मालकानं विचारलं, "बाबूजीकडची भिंत काळी करनारे तुमीच का?" दुसऱ्यानंही तेच. आधीच आडनावाला दारं अर्धी बंद, आता उरलेली अर्धीही बंद. इकडं राहावं तर पोरीचा श्वास जातो, तिकडं जावं तर कुणी घेत नाही. त्यांनी सरळ बाबूजींच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, "चार लोकांसमोर ठरवा. भिंत कोणामुळं काळी झाली ते ठरल्याशिवाय मी घर सोडत नाही."

बाबूजींनी मला बोलावलं, कारण मी त्यांचा माणूस. मॅडमनी हो म्हटलं, कारण पिशवीवाला पेंटर खरं सांगतो असं त्यांनी कार्यालयात ऐकलं होतं. ती भिंत मीच रंगवली होती हे त्यांना ठाऊक नव्हतं.

शनिवारी दुपारी मी गेलो. ओसरीवर बाबूजी, शेजारचे दोन म्हातारे, मॅडम आणि त्यांची आई. बाबूजींनीच सुरुवात केली.

"दिनभर दरवाजा बंद. अंदर भात उकळवते, अंदर कपडे सुकवते. इन लोगों को घर रखना आता ही नहीं."

मॅडम म्हणाल्या, "इन लोगों म्हणजे कोण, बाबूजी? तेवढं चार लोकांसमोर सांगा."

बाबूजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "किरायेदार लोग. और कौन?"

"मग तसं म्हणा."

मग मॅडमच्या आई, म्हणजे मुलीची आजी, पुढं सरकल्या. त्या माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "बापा, माझं घर मातीचं हाये केशोरीले. शेनानं सारवतो आमी. पन्नास पावसाळे पायले त्या घरानं. असं काळं नाही दिसलं कधी. आमाले घर ठेवता येत नाही म्हनते हा?"

मी उठून मागच्या खोलीत गेलो, बाकीचे मागोमाग आले. दुधाची पिशवी काढली, सगळ्यांच्या देखत काळ्या पट्ट्यावर डकवली आणि उद्या येतो म्हणालो. पुट्टीचा, रंगाचा, माझ्याच हाताचा तो तुकडा मला चांगला ओळखू येत होता. घरी गेलो, जेवण गेलं नाही. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं. ती म्हणाली, "सांगून टाका ना मंग. कायले भेता?" मी म्हटलं, अर्धी मुर्री बाबूजीचं ऐकते, काम जाईल. ती म्हणाली, "जाईल तर जाईल." तिला बोलायला सोपं होतं असं मला तेव्हा वाटलं. खरं म्हणजे घर तीच चालवत होती.

रविवारी सकाळी पिशवी सोडवली. खोलीकडचं अंग कोरडं ठणठणीत. भिंतीकडच्या अंगाला थेंबच थेंब. मी ती सगळ्यांच्या हाती दिली. एका म्हाताऱ्यानं बोट फिरवून पाहिलं, दुसऱ्यानं वास घेतला.

बाबूजी हार मानणारे नव्हते. ते म्हणाले, "चलो, दीवार में है. लेकिन पहले तो नहीं था. इनके आने के बाद हुआ. पेंटर, तू बता. तूने कलर किया तब दीवार सूखी थी ना?"

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. मॅडमचंही. मला आठवतं, त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्या नुसत्या हिशेब जुळवत होत्या.

"नव्हती, बाबूजी," मी म्हटलं.

"क्या?"

"ओली होती. काळी होती. मी तुमाले सांगितलं होतं, तनस हटवा म्हनून. तुमी सोमवार म्हनले. मी रंग मारला."

मी थांबलो नाही. थांबलो असतो तर परत सुरुवात झाली नसती. सगळ्यांना घेऊन घराच्या मागं गेलो. गंजी तिथंच, भिंतीला टेकून. डावीकडं उंच, उजवीकडं उतरती, कारण गुरांसाठी तणस रोज उजवीकडून ओढलं जायचं. दोन्ही म्हातारे परत आत गेले, काळा पट्टा पाहून आले. आत तो उजवीकडं उंच आणि डावीकडं उतरता. भिंतीच्या दुसऱ्या बाजूनं पाहिलं की उलटं दिसणारच. मी तिथलाच लोखंडी काटा घेऊन तणस ओढलं. वरचं पिवळं, खालचं काळं आणि कुजलेलं. मुठीत दाबलं तर बोटांतून पाणी गळालं. मागची वीट हिरवी झाली होती.

"ये गंजी मेरे पिताजी के टाइम से यहीं है," बाबूजी म्हणाले. आवाज थोडा खाली आला होता.

"गंजी तुमची. भिंत तुमची," मी म्हटलं. "मंग ओल या बाईची कशी?"

एक म्हातारा हसला, आणि त्या हसण्यानं बाबूजी पेटले. "इसके बाद मेरे आंगन में पैर मत रखना. और मुर्री में कौन काम देता है तुझे, देखता हूं."

"पाहा," मी म्हटलं. मुर्रीतल्या कामांसाठी माझी शिडी त्यांच्याच गोठ्यात ठेवलेली असायची, ती उचलली आणि खांद्यावर टाकून भर वस्तीतून घरी आलो. त्या दिवाळीला मुर्रीतली तीन घरं माझ्या हातची गेली. गेली तर गेली. पण एक कबूल करतो: शिडी घेऊन येताना मला फार बरं वाटत होतं. आपण मोठं काही केलं असं वाटत होतं.

दोन दिवसांनी मी स्वच्छ कागदावर लिहून मॅडमकडे गेलो, कार्यालयाच्या वेळेआधी. मागच्या खोलीच्या भिंतीतली ओल बाहेर लावलेल्या तणसामुळे आहे, राहणाऱ्यांचा यात काही दोष नाही, खाली माझं नाव आणि धंदा. नवीन घरमालकाला दाखवता येईल म्हणून. छाती काढूनच गेलो होतो म्हणा ना. पुढच्या खोलीत तीन अंथरुणं गुंडाळून ठेवलेली, मुलगी एका कोपऱ्यात बसून वेणी घालून घेत होती आणि मधून मधून खोकत होती.

मॅडमनी कागद उभ्यानंच वाचला. मग विचारलं, "आम्ही यायच्या किती दिवस आधी रंगवलं होतं तुम्ही?"

"चार दिवस आधी हात घातला. आदल्या दिवशी संपवलं."

"तेव्हा ओल दिसली होती."

"हो."

"आम्ही आलो ते तुम्हाला कळलं होतं?"

"हो. मुर्री लहान आहे, मॅडम."

"माझी मुलगी दोन वर्षं त्या भिंतीशी डोकं करून झोपली. तुम्ही याच रस्त्यानं जात-येत होता. एकदा दारावर येऊन सांगायला काय लागत होतं?"

काम जाईल म्हणून गप्प होतो, असं सांगितलं. आणि आणखीही एक खरं होतं, तेही सांगितलं: मला वाटलं होतं, आपल्या माणसाला घर मिळालं हेच पुष्कळ झालं, कशाला खोट काढा.

ते ऐकून त्या जास्त चिडल्या. "पुष्कळ झालं? तुम्ही ठरवणार आम्हाला किती पुष्कळ ते?" त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला, वर पेन ठेवला. "यात एक वाक्य राहिलंय. 'मला माहीत होतं, आणि मी यांना सांगितलं नाही.' लिहा."

मी म्हटलं, "मॅडम, हा कागद मालकांना दाखवणार तुम्ही. मला काम कोण देईल मग?"

"माझ्या मुलीला खोली कोण देईल हे तुम्ही विचारलं होतं?"

मी लिहिलं. त्याच शब्दांत. सही केली. त्यांनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि मुलीची दुसरी वेणी घालायला बसल्या. मला कुणी बस म्हटलं नाही.

मला राग आला होता, हे लपवत नाही. रस्ताभर मी मनात भांडत होतो: मालकाशी वैर घेतलं, काम गमावलं, आणि वर मलाच कबुलीजबाब? घरी पोचेपर्यंत भांडण संपलं, कारण माझ्या बाजूनं बोलायला मुद्दाच उरला नव्हता. त्यानंतर मी ओल्या भिंतीवर ब्रश ठेवला नाही. कुणी कितीही सोमवार सांगो. "कोरडी करा, मंग बोलवा," एवढंच म्हणायचो. लोकांनी मला आखडू म्हटलं, डोक्यावर पडलेला म्हटलं. म्हणू देत. जे पेंटर अजूनही ओलीवर गुलाबी फासतात त्यांनाही मी तोंडावर सांगतो की तुम्ही रंगारी नाही, भिंतीसारखा साक्षीदार फोडणारे आहात.

बाबूजींनी पुढं गंजी हलवली. मला नाही सांगितलं, मी येता-जाता पाहिलं.

पंधरा-वीस दिवसांनी एक निवृत्त गुरुजी माझ्या दाराशी स्कूटर घेऊन उभे राहिले. मूळचे दवनीवाड्याचे, आता गोंदियाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचं घर. हातात माझ्या कागदाची झेरॉक्स.

"हे तुमीच लिहिलं का जी?"

"हो."

"शेवटचं वाक्यही?"

"तेही मीच."

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "बाई माझ्याकडं खोली पाहून राहिल्या. मले आडनावाचं काही नाही. पन त्या म्हनते, आधी भिंती तपासून घेतो, मंग येतो. मी म्हटलं, कोन तपासन? तर त्यायनं हा कागद देला. म्हने, या मानसाले आना."

मी कपडे बदलले नाहीत, तसाच स्कूटरवर मागं बसलो. मॅडम आधीच आल्या होत्या, कार्यालयातून मधल्या सुट्टीत. माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या घरात शिरल्याही नाहीत. साडी सावरून आधी घराच्या मागं गेल्या, बाहेरच्या भिंतीच्या कडेनं या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या, गटार पाहिलं, न्हाणीचं पाणी कुठं जातं ते पाहिलं, आणि मग पुढच्या दारानं आत आल्या. गुरुजी दारात उभे राहून बघत होते. असा भाडेकरू त्यांनी पाहिला नसावा.

मी दोन दिवस तिथं जात राहिलो. चारही भिंतींवर पिशव्या डकवल्या, कोपरे, छत, सगळं पाहिलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या परत आल्या, आणि मी सांगितलं, "कोरडी आहे, मॅडम. खिडक्या दोन्हीकडून उघडतात. मुलीला इथं झोपवायला हरकत नाही."

त्यांनी पर्समधून कोरा कागद काढून माझ्यापुढं धरला.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या.

मी दिलं.